लेक्स टॅलिओनिस

लेक्स टॅलिओनिस (मराठी पर्याय: समप्रतिशोधाचा नियम) ही दंडशास्त्रातील एक लॅटिन संज्ञा आहे. अपराध्याने दुसऱ्याला जी इजा केली असेल, तीच आणि तेवढीच इजा शिक्षा म्हणून त्याला व्हावी, असे सांगणाऱ्या तत्त्वाला ही संज्ञा लावतात. 'डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात' या शब्दप्रयोगामुळे हे तत्त्व सर्वसामान्यांना परिचित आहे. प्राचीन बॅबिलोनिया, रोम व इस्राएल येथील कायद्यांत ते स्पष्ट रूपात आढळते. इस्लामी विधिशास्त्रातील 'किसास' ही कल्पनाही याच वर्गात मोडते.

रोजच्या बोलण्यात 'डोळ्याबद्दल डोळा' हे शब्द बेलगाम सूडाच्या अर्थी वापरले जातात. कायद्याच्या इतिहासात मात्र या तत्त्वाचा रोख मोजमापावर आहे. एका डोळ्याच्या बदल्यात एकच डोळा घ्यावयाचा, जीव घ्यावयाचा नाही. आणि ही मर्यादा दुखावलेल्या पक्षाने नव्हे, तर कायद्याने ठरवावयाची. तथापि कोणाचा डोळा कोणाच्या डोळ्याच्या तोलाचा मानावा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक समाजाने आपापल्या उतरंडीप्रमाणे दिले. त्यामुळे समतेवर आधारलेला हा नियम बहुतेक ठिकाणी समान दर्जाच्या माणसांपुरताच लागू होता.

संज्ञा व व्युत्पत्ती

'लेक्स' या लॅटिन शब्दाचा अर्थ कायदा असा असून 'टॅलिओनिस' हे 'टॅलिओ' या नामाचे षष्ठीचे रूप आहे. 'टॅलिओ' म्हणजे केलेल्या इजेसारखीच उलट इजा. हा शब्द 'तसा', 'त्या प्रकारचा' या अर्थाच्या 'टॅलिस' या विशेषणापासून आला, असे परंपरेने मानले जाते. सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिडोर याने आपल्या व्युत्पत्तिकोशात हाच संबंध सांगितला आहे. आधुनिक भाषाशास्त्रज्ञांपैकी काहींनी मात्र 'टॅलिओ'चे मूळ 'उचलणे, वाहणे, तोलणे' या अर्थाच्या इंडो-युरोपीय धातूत शोधले असून 'टॅलिस'शी असलेले साम्य नंतरचे मानले आहे. ही व्युत्पत्ती ग्राह्य धरल्यास संस्कृतातील 'तुला' आणि मराठीतील 'तोलणे' हे शब्द 'टॅलिओ'चे दूरचे नातलग ठरतात. इंग्रजीतील 'रिटॅलिएट' हे क्रियापदही याच शब्दापासून बनले आहे.

अपराधाची परतफेड ही देण्याघेण्याच्या भाषेत मांडण्याची प्रवृत्ती अनेक भाषांत दिसते. संस्कृतातील 'निर्यातन' या शब्दाला 'परत करणे, ठेव किंवा ऋण फेडणे' आणि 'सूड घेणे' असे दोन्ही अर्थ आहेत. अमरकोशात सूडाच्या अर्थी 'वैरनिर्यातन', 'वैरशुद्धि' आणि 'प्रतीकार' हे शब्द एकत्र दिले आहेत. मराठीतही सूड घेण्याला 'हिशेब चुकता करणे' असे म्हटले जाते.

लेक्स टॅलिओनिससाठी मराठीत पुष्कळदा 'जशास तसे' ही म्हण वापरली जाते. परंतु ती तंतोतंत पर्याय नाही. 'जशास तसे' हे व्यवहारातील वागणुकीचे सूत्र असून त्यात न्यायाधीश नसतो व मोजमापाचे बंधनही नसते. लबाडाशी लबाडीने वागावे, हा 'शठं प्रति शाठ्यम्' या संस्कृत उक्तीचा आशय त्याच्या जवळचा आहे. १९२० च्या आरंभी 'यंग इंडिया'मध्ये लोकमान्य टिळक व महात्मा गांधी यांच्यात याच उक्तीच्या अनुषंगाने जाहीर मतभेद झाला होता. तो राजकारणातील नीतीविषयी होता, शिक्षेविषयी नव्हता. म्हणून त्याची गणना टॅलिओच्या चर्चेत करणे योग्य नाही.

मेसोपोटेमिया

समप्रतिशोधाचा सर्वांत प्रसिद्ध प्राचीन लेख म्हणजे बॅबिलोनचा राजा हम्मुराबी (प्रचलित कालगणनेनुसार कारकीर्द इ.स.पू. सुमारे १७९२ ते १७५०) याची संहिता. ती कोरलेला, सव्वादोन मीटर उंचीचा काळ्या दगडाचा स्तंभ फ्रेंच उत्खनकांना १९०१-०२ च्या हिवाळ्यात इराणमधील सुसा येथे सापडला. झ्याँ-व्हँसाँ शेल याने १९०२ मध्येच तिचे भाषांतर प्रसिद्ध केले. स्तंभ सध्या पॅरिस येथील लूव्र संग्रहालयात आहे. संहितेतील मजकूर अभ्यासकांनी २८२ कलमांत विभागला असून शारीरिक इजेविषयीची मुख्य कलमे १९६ पासून पुढे येतात.

या कलमांत समाजाचे तीन स्तर गृहीत धरले आहेत: अवीलुम म्हणजे प्रतिष्ठित स्वतंत्र पुरुष, मुश्केनुम म्हणजे त्याहून खालच्या दर्जाचा सामान्य माणूस, आणि गुलाम. एका अवीलुमने दुसऱ्या अवीलुमचा डोळा फोडला, तर फोडणाऱ्याचा डोळा फोडावा. हाड मोडले तर हाड मोडावे. दात पाडला तर दात पाडावा. तोच डोळा मुश्केनुमचा असेल, तर एक मिना (सुमारे अर्धा किलो) चांदी देऊन अवीलुम सुटतो. गुलामाचा डोळा फुटल्यास त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम द्यावी लागते. उलट दिशेने पाहिल्यास चित्र पालटते. अवीलुमच्या गालावर थप्पड मारणाऱ्या गुलामाचा कान कापावा, असे संहिता सांगते. आपल्यापेक्षा श्रेष्ठ माणसाला थप्पड मारणाऱ्यास भर सभेत बैलाच्या चाबकाचे साठ फटके सांगितले आहेत. 'डोळ्याबद्दल डोळा' हा नियम म्हणून संपूर्ण बॅबिलोनी समाजाचा नियम नव्हता. वरच्या वर्गातील समकक्षांमधील तो नियम होता.

समप्रतिशोध केवळ अपराध्याच्या शरीरापुरता राहिला, असेही नाही. घर बांधणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे घर कोसळून घरमालक मेल्यास बांधणाऱ्याला मृत्युदंड आहे. पण मालकाचा मुलगा मेल्यास बांधणाऱ्याच्या मुलाला ठार करावे, असे कलम २३० मध्ये म्हटले आहे. अवीलुमच्या गर्भवती मुलीला मारहाण होऊन ती दगावल्यास मारणाऱ्याच्या मुलीला मृत्युदंड सांगितला आहे. येथे मुले ही पित्याची मालमत्ता समजून नुकसानीचा तोल साधलेला दिसतो. दुसरीकडे हेतूचाही विचार आहे. भांडणाच्या भरात हातून जखम झाली आणि 'जाणूनबुजून मारले नाही' अशी शपथ घेतली, तर वैद्याचा खर्च दिला की पुरे होई.

हम्मुराबीची संहिता उजेडात आल्यावर बराच काळ असे समजले जाई, की मानवी समाजात आधी अमर्याद रक्तवैर होते, त्यानंतर समप्रतिशोध आला आणि शेवटी पैशाच्या रूपातील भरपाई रूढ झाली. नंतरच्या शोधांनी या सरळ क्रमाला धक्का दिला. बगदादजवळच्या तेल हर्मल येथे १९४० च्या दशकात सापडलेल्या एश्नुन्ना राज्याच्या कायद्यांत, जे हम्मुराबीच्या संहितेपूर्वीचे मानले जातात, नाक किंवा डोळा यांच्या इजेबद्दल एक मिना, दात किंवा कान यांच्याबद्दल अर्धा मिना आणि थप्पडेबद्दल दहा शेकेल चांदी सांगितली आहे. सॅम्युएल क्रेमर याने १९५२ मध्ये उलगडलेली ऊर-नाम्मूची सुमेरी संहिता त्याहूनही जुनी, म्हणजे इ.स.पू. सुमारे २१०० ची आहे. तिच्यातही अवयवाच्या इजेबद्दल चांदीच तोलून द्यावयाची आहे. म्हणजे मेसोपोटेमियात उपलब्ध पुराव्यानुसार दंडाची रक्कम आधी आली आणि डोळ्याबद्दल डोळा नंतर.

याचे स्पष्टीकरण देताना ए. एस. डायमंड याने १९५७ मध्ये असे प्रतिपादले, की शारीरिक इजा ही दोन कुटुंबांमधील खासगी बाब न राहता राज्याने दखल घेण्याजोगा अपराध बनली, याची खूण म्हणजे समप्रतिशोध. पैसे मोजून सुटण्याची सोय श्रीमंताला परवडते; स्वतःचा डोळा देण्याची वेळ आली म्हणजे संपत्तीचा उपयोग होत नाही. या दृष्टीने पाहता टॅलिओ हे मागचे नव्हे, तर पुढचे पाऊल ठरते. सर्व अभ्यासक हे मान्य करीत नाहीत. हम्मुराबीचा वंश पश्चिम सेमिटिक टोळ्यांतून आलेला असल्याने हा नियम त्या टोळ्यांच्या रूढीतून आला, असे दुसरे मत आहे. शिवाय त्या काळातील न्यायनिवाड्यांच्या मृत्तिकापट्टिकांमध्ये या संहितेचा आधार घेतल्याचे क्वचितच दिसते. त्यामुळे ती प्रत्यक्ष अंमलात आणलेला कायदा होती, की राजाच्या न्यायीपणाची शिलांकित ग्वाही होती, हा वाद चालूच आहे. अनातोलियातील हित्ती कायद्यांनी तर दंड कमी करीत नेल्याचे नोंदवले आहे: स्वतंत्र माणसाला आंधळे केल्यास पूर्वी चाळीस शेकेल चांदी द्यावी लागे, आता वीस द्यावी, असा त्यांचा आशय आहे.

रोम

'टॅलिओ' हा शब्द रोमच्या 'बारा फलकांच्या कायद्या'तून (इ.स.पू. ४५१-४५०) आला. मूळ फलक नष्ट झाले असून त्यांतील तरतुदी नंतरच्या लेखकांनी दिलेल्या अवतरणांवरून माहीत आहेत. एखाद्याने दुसऱ्याचा अवयव निकामी केला आणि त्याच्याशी तडजोड केली नाही, तर टॅलिओ व्हावा, असे आठव्या फलकावर होते. या तरतुदीतील महत्त्वाचा भाग तडजोडीचा आहे. प्रत्यक्ष अंगच्छेद ही अंतिम धमकी होती. तिच्या छायेत दोन्ही पक्षांनी रक्कम ठरवून मिटवावे, अशी अपेक्षा होती. हाड मोडल्यास मात्र ठरावीक दंड होता: स्वतंत्र माणसाबद्दल ३०० अ‍ॅस आणि गुलामाबद्दल १५०. किरकोळ मारहाणीबद्दल २५ अ‍ॅस पुरत.

हे आकडे पुढे चलनाची किंमत घसरल्याने हास्यास्पद झाले. दुसऱ्या शतकातील लेखक ऑलस गेलियस याने लुकियुस वेराटियुस नावाच्या एका उद्दाम श्रीमंताची गोष्ट नोंदवली आहे. हा इसम रस्त्याने जाताना समोर येईल त्याच्या मुस्कटात लगावी, आणि मागून पैशाची थैली घेऊन चालणारा त्याचा गुलाम तिथल्या तिथे २५ अ‍ॅस मोजून देई. ठरावीक दंड हा श्रीमंताच्या हाती परवाना कसा बनतो, याचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. गेलियसच्या म्हणण्याप्रमाणे अशा प्रकारांमुळेच प्रेटर या न्यायाधिकाऱ्यांनी जुनी तरतूद बाजूला सारून प्रत्येक प्रकरणात अपमानाचे व इजेचे मूल्य ठरवण्यासाठी पंच नेमण्याची पद्धत सुरू केली. या पद्धतीने कालांतराने टॅलिओची जागा घेतली.

गेलियसने याच प्रकरणात फावोरिनुस हा तत्त्वज्ञ आणि सेक्स्टुस काइकिलियुस हा विधिज्ञ यांचा संवाद दिला आहे. चुकून झालेल्या इजेची परतफेड मुद्दाम केलेल्या इजेने करणे हा समप्रतिशोध कसा, आणि एक जखम दुसऱ्या जखमेइतकीच खोल करण्यासाठी कोणता तराजू वापरावयाचा, असे फावोरिनुस विचारतो. विधिज्ञाचे उत्तर व्यवहारी आहे: ज्याला अंगच्छेद नको असेल त्याला पैसे देऊन सुटण्याचा मार्ग कायद्याने खुला ठेवला होता.

यहुदी व ख्रिस्ती परंपरा

हिब्रू बायबलमध्ये हा नियम तीन ठिकाणी येतो: निर्गम (अध्याय २१), लेवीय (अध्याय २४) आणि अनुवाद (अध्याय १९). तिन्ही ठिकाणचे संदर्भ वेगळे आहेत. निर्गममध्ये भांडणात गर्भवती स्त्रीला लागलेल्या माराच्या संदर्भात, लेवीयमध्ये सर्वसाधारण इजेच्या संदर्भात, तर अनुवादमध्ये खोट्या साक्षीदाराच्या संदर्भात तो सांगितला आहे. लेवीयमध्ये परक्याला व स्वकीयाला एकच कायदा लागू असल्याचे लगेच पुढे म्हटले आहे. हम्मुराबीच्या तुलनेत हा फरक मोठा आहे. बापाच्या अपराधासाठी मुलाला ठार करू नये, असेही अनुवादमध्ये स्पष्ट सांगितले आहे. गुलामांच्या बाबतीत मात्र भेद उरतोच, पण त्याची दिशा निराळी आहे. मालकाने गुलामाचा डोळा फोडला किंवा दात पाडला, तर त्या बदल्यात गुलामाला मुक्त करावे लागे.

रब्बींच्या परंपरेत या वचनांचा अर्थ पैशाच्या रूपातील भरपाई असा केला गेला. सुमारे इ.स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नाच्या 'बावा कम्मा' या प्रबंधात इजा करणाऱ्यावर पाच प्रकारची देणी लादली आहेत: अवयवाचे नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेली कमाई आणि झालेली मानहानी. अवयवाच्या नुकसानीचा हिशेब करताना जखमी माणूस गुलाम म्हणून बाजारात विकला असता, तर इजेपूर्वी व इजेनंतर त्याची किती किंमत आली असती, हा फरक धरावा असे सांगितले आहे. आधुनिक अपघात-भरपाईच्या खटल्यांत विचारात घेतली जाणारी बहुतेक शीर्षके या यादीत आहेत. तलमूदमध्ये या अर्थाच्या समर्थनार्थ अनेक युक्तिवाद दिले आहेत. एकाचा डोळा मोठा व दुसऱ्याचा लहान असल्यास समता कशी साधावी? आंधळ्याने दुसऱ्याचा डोळा फोडला तर त्याचे काय घ्यावे? शिक्षा देताना अपराधी दगावला, तर डोळ्याबद्दल डोळा आणि जीव असे होणार नाही का? रब्बी एलिएझर याने वचन शब्दशः घेतल्याचा उल्लेखही तेथेच आहे, परंतु तो अपवाद ठरला. खुनाच्या बाबतीत मात्र खंडणी घेऊन खुन्याला सोडू नये, हा गणना या ग्रंथातील निषेध कायम राहिला.

मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात येशूने या नियमाचा उल्लेख करून दुष्टाला प्रतिकार न करण्याचा उपदेश केला आहे. ख्रिस्ती लेखनात पुढे जुना करार म्हणजे सूड व नवा करार म्हणजे क्षमा, अशी सोपी विभागणी रूढ झाली. ती करताना रब्बींनी हा नियम शब्दशः लावणे नाकारले होते, हे पुष्कळदा दुर्लक्षिले जाते.

किसास

इस्लामी विधिशास्त्रात समप्रतिशोधाला 'किसास' व भरपाईला 'दिया' म्हणतात. कुराणाच्या दुसऱ्या व पाचव्या सूरांत त्याचा आधार आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात एका माणसाच्या बदल्यात मारेकऱ्याच्या टोळीतील कोणाचाही, प्रसंगी अनेकांचा जीव घेतला जाई. किसासने ही जबाबदारी प्रत्यक्ष अपराध्यापुरती सीमित केली आणि त्याचबरोबर क्षमा हे पुण्यकृत्य ठरवले. जखमी व्यक्तीला, किंवा खून झाल्यास वारसांना तीन पर्याय असतात: किसास मागणे, दिया घेणे किंवा माफ करणे. अभिजात ग्रंथांत स्वतंत्र मुस्लिम पुरुषाची पूर्ण दिया शंभर उंट इतकी धरली आहे. समकक्षतेचा प्रश्न येथेही आहे. मुस्लिमेतर प्रजाजनाच्या किंवा दुसऱ्याच्या गुलामाच्या खुनाबद्दल मुस्लिमाला देहदंड देता येतो, असे हनफी पंथ मानतो; इतर प्रमुख सुन्नी पंथ सामान्यतः तसे मानीत नाहीत.

शिक्षा द्यावयाची की नाही हे वारसांच्या हाती असल्याने एक विशिष्ट अडचण उद्भवते: खुनी व वारस एकाच घरातील असले तर काय? पाकिस्तानात १९९० मध्ये किसास व दिया यांचे नियम फौजदारी कायद्यात अध्यादेशाद्वारे आणले गेले. त्यानंतर तथाकथित प्रतिष्ठेपायी झालेल्या स्त्रियांच्या हत्यांत आरोपी भाऊ किंवा पिता असे, आणि माफ करणारेही त्याचेच आप्त असत. समाजमाध्यमांवरील प्रसिद्ध तरुणी कंदील बलोच हिची जुलै २०१६ मध्ये हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. अशा गुन्ह्यांत वारसांनी माफ केले, तरी दोषीला जन्मठेप बंधनकारक करण्यात आली.

इराणमध्ये आमिना बहरामी हिचे प्रकरण जगभर गाजले. २००४ मध्ये झालेल्या अ‍ॅसिड हल्ल्यात तिची दृष्टी गेली. २००८ मध्ये न्यायालयाने तिच्या मागणीप्रमाणे हल्लेखोराच्या डोळ्यांत अ‍ॅसिडचे थेंब टाकण्याची शिक्षा मंजूर केली. ३१ जुलै २०११ रोजी, शिक्षेची सर्व तयारी झालेली असताना, तिने त्याला माफ केले. त्या काळी इराणच्या कायद्यात स्त्रीची दिया पुरुषाच्या निम्मी होती.

भारत

प्राचीन भारतीय धर्मशास्त्रात डोळ्याबद्दल डोळा असा सर्वसाधारण नियम आढळत नाही. आपस्तंब व बौधायन यांच्या धर्मसूत्रांत मनुष्यवधासाठी गायींचे दान सांगितले आहे: क्षत्रियासाठी हजार, वैश्यासाठी शंभर आणि शूद्रासाठी दहा, शिवाय एक बैल. आपस्तंबाने याचे प्रयोजन 'वैरयातन', म्हणजे वैराची फेड, असे दिले आहे. यावरून मूळ रूढी मृताच्या आप्तांना भरपाई देण्याची असावी आणि पुढे तिला प्रायश्चित्ताचे रूप आले असावे, असे अनेक अभ्यासकांनी मानले. बौधायनाच्या मते या गायी राजाकडे जातात.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, खालच्या वर्णाच्या माणसाने वरच्या वर्णाच्या माणसाला ज्या अवयवाने इजा केली तो अवयव तोडावा, असे म्हटले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही शूद्राने ब्राह्मणाला मारल्यास अशीच शिक्षा आहे. या तरतुदींना कधीकधी भारतीय टॅलिओ म्हटले जाते. ते दिशाभूल करणारे आहे. टॅलिओत अपराध्याचा तोच अवयव जातो, जो पीडिताचा गेला; येथे ज्या अवयवाने अपराध घडला तो जातो, मग पीडिताला झालेली इजा कितीही क्षुल्लक असो. नुसता हात उगारल्याबद्दलही हात तोडण्याची शिक्षा मनुस्मृतीत आहे. शिवाय हा नियम एकाच दिशेने लागू होतो. इजा आणि शिक्षा यांत कोणताही तोल नसून, दर्जा जपणे हाच त्याचा हेतू दिसतो. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात अंगच्छेदाच्या बदल्यात द्यावयाच्या रकमांचे, म्हणजे 'निष्क्रया'चे, स्वतंत्र प्रकरण आहे. उदाहरणार्थ, खिसेकापूला पहिल्या अपराधासाठी बोटे तोडणे किंवा ५४ पण दंड.

बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने फौजदारी न्यायासाठी सुरुवातीला तेथे चालू असलेला इस्लामी कायदाच ठेवला होता. कॉर्नवॉलिसच्या काळात, १७९० मध्ये, खुन्याला माफ करण्याचा वारसांचा अधिकार काढून घेण्यात आला. पुढील वर्षी अंगच्छेदाच्या शिक्षेऐवजी कारावास आला: दोन अवयवांऐवजी चौदा वर्षे, एका अवयवाऐवजी सात. (यांतील बहुतेक अंगच्छेद किसासचे नसून चोरी-दरोड्याबद्दलच्या 'हद्द' या वेगळ्या वर्गातील होते.) मुंबई इलाख्याने १८२७ मध्ये, एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, सर्व धर्मांच्या लोकांसाठी एकच दंडसंहिता विनियमाच्या रूपाने केली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने असे सर्व प्रांतिक भेद मिटवले. अपराध हा राज्याविरुद्ध मानल्यामुळे परतफेडीचा खासगी अधिकार तिच्यात उरला नाही.

तात्त्विक चर्चा

समप्रतिशोध हाच न्याय होय, हे पायथागोरस-पंथीयांचे मत ॲरिस्टॉटलने 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या पाचव्या भागात नाकारले. अधिकाऱ्याने कोणाला मारले तर उलट त्याला मारणे योग्य नाही, पण कोणी अधिकाऱ्याला मारले तर केवळ तेवढाच मार पुरेसा नाही, असे त्याचे उदाहरण आहे. दर्जाचा प्रश्न पुन्हा येथे डोके वर काढतो.

डेमोस्थेनिसने एका भाषणात लोक्रिस येथील गोष्ट सांगितली आहे. तेथे डोळ्याबद्दल डोळा असा कायदा होता, आणि नवा कायदा सुचवणाऱ्याला गळ्यात फास अडकवून सभेपुढे उभे राहावे लागे. प्रस्ताव फेटाळला गेला की फास आवळला जाई. एका एकाक्ष माणसाला त्याचा शत्रू उरलेला डोळा फोडण्याची धमकी देत असे. शत्रूचा त्यात एकच डोळा जाणार होता, याची दृष्टी मात्र पूर्णच जाणार होती. त्या माणसाने फास गळ्यात घालून प्रस्ताव मांडला, की एकाक्षाचा डोळा फोडणाऱ्याचे दोन्ही डोळे फोडावेत. तो संमत झाला. हीच अडचण हेगेलने १८२० च्या सुमारास पुन्हा मांडली: अपराधी एकाक्ष किंवा बोळका असेल तर शब्दशः समता निरर्थक होते, म्हणून समता अवयवाची नव्हे, मूल्याची धरावी. त्याआधी १७९७ मध्ये कांटने मात्र शिक्षेचा प्रकार व प्रमाण ठरवणारे एकमेव तत्त्व म्हणून टॅलिओचेच समर्थन केले होते. खुनाला मृत्युदंडाखेरीज पर्याय नाही, हे त्याचे मत त्यातूनच आले.

डोळ्याबद्दल डोळा घेत गेल्यास सारे जग आंधळे होईल, हे वाक्य महात्मा गांधींच्या नावाने सर्वत्र उद्धृत केले जाते. त्यांच्या लेखनात ते आढळलेले नाही. लुई फिशर याने १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गांधीचरित्रात सत्याग्रहाचे विवेचन करताना या आशयाचे वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहिले होते.

खोटी साक्ष व आधुनिक कायद्यातील अवशेष

टॅलिओचा सर्वांत टिकाऊ प्रकार अवयवांशी नव्हे, तर खोट्या आरोपाशी निगडित आहे. हम्मुराबीच्या संहितेच्या पहिल्याच कलमात, खुनाचा आरोप करून तो सिद्ध न करणाऱ्याला मृत्युदंड आहे. अनुवाद या ग्रंथात खोट्या साक्षीदाराने जे दुसऱ्यावर आणू पाहिले तेच त्याच्यावर आणावे, असे सांगितले आहे. उत्तरकालीन रोमन कायद्यात व मध्ययुगीन युरोपात फिर्यादीला, आरोप सिद्ध न झाल्यास तीच शिक्षा भोगण्याची लेखी तयारी दाखवावी लागे. त्यामुळे खरी तक्रार असलेलेही पुढे येण्यास कचरत. राज्याने स्वतः चौकशी करण्याची पद्धत रुजू लागल्यावर ही अट मागे पडली.

भारतीय कायद्यात या विचाराची खूण अजून शिल्लक आहे. मृत्युदंडास पात्र अपराधात कोणाला दोषी ठरवण्याच्या हेतूने खोटी साक्ष दिली आणि त्यामुळे निरपराध व्यक्तीला फाशी झाली, तर साक्ष देणाऱ्याला मृत्युदंड देता येतो, अशी तरतूद भारतीय दंडसंहितेच्या कलम १९४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २३० मध्ये ती कायम आहे. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ याच्या कलम ३ मध्ये, अशा खोट्या साक्षीने या समाजांतील निरपराध व्यक्तीला फाशी झाल्यास, मृत्युदंड हीच शिक्षा सांगितली आहे.